सावलीत वाळवलेले जीव

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला अजूनही शेवंताबाई दिसतात: लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर, पांढऱ्या सुती लुगड्याचा पदर कमरेला खोचून, उन्हाने पिवळ्या झालेल्या खिडकीशी वाकून माठाभोवतीचं गोणपाट भिजवणाऱ्या. त्या माठात पाणी नसे; माझ्या काचेच्या बश्या थंड राहाव्यात म्हणून त्यांनी तो मांडला होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कार्यालयांवर नव्या पाट्या चढत होत्या आणि नळ मात्र कोरडे होते. मुखेडकडच्या त्यांच्या गावातल्या विहिरीही तळाला गेल्या होत्या, पण त्याबद्दल त्या कधी बोलत नसत.

बुरशी खाणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे जीव, कुठल्या बुरशीवर किती वाढतात, हा माझा संशोधनाचा विषय. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीवर ते असे फोफावत की बशीतला बुरशीचा पांढरा कापूस पाहता पाहता विरून जाई. मूळकुजीच्या बुरशीवर बेताने वाढत. हिरव्या बुरशीवर मात्र अंडंही दिसत नसे. मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसे, तोवर बाई बशी उजेडासमोर तिरकी धरून सांगून टाकत, ‘हितं लई माजलेत, ताई.’ त्यांचं सहसा चुकत नसे, याचा मला थोडा रागच यायचा.

एका वैशाखात आजारपणामुळे मी तीन आठवडे नांदेडला घरी राहिले. परतले तेव्हा साऱ्या बश्या ठणठणीत कोरड्या, तळाला नुसता पापुद्रा उरलेला. दोन वर्षांचं काम मातीत गेलं असं समजून मी त्या धुऊन टाकायला सांगितल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत.

‘टाकू नगा. पानी सरलं तवा म्या बश्यांवर गोनपाट झाकून ठिवलं. बी सावलीत वाळवतो तसं हळूहळू वाळलंय ह्ये.’

‘हे बियाणं नाही, बाई,’ मी फटकन म्हणाले.

स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी त्यांनी बोटांनी थेंबाथेंबाने एकेका बशीत सोडलं. दुपारभर काहीच घडलं नाही. संध्याकाळी भिंगाखाली एका वाळलेल्या कृमीचं वेटोळं सैल झालं, मग दुसऱ्याचं, आणि बघता बघता सगळी बशी वळवळू लागली. मला रडू आलं. बाई फक्त रिकामा तांब्या पालथा घालून ठेवत होत्या.

सावकाश वाळलेले हे जीव मरत नाहीत, नुसते थांबतात, हे पुढे मी पुस्तकात वाचलं. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, टंकलेखकसुद्धा आहे, शेवंताबाई नाहीत. ही चूक उमगून मी मुखेडच्या एसटीत बसले, तोवर त्या राहिल्या नव्हत्या. काळाने नेलेलं माणूस पाणी शिंपडून उठत नाही, हे कळतं मला, बाई. पण तुमच्या वाटच्या पाण्यातला तो थेंब माझ्यात अजून वाळलेला नाही.