कमानीला गेलेल्या खुंट्या

मी मैदानाच्या पूर्वेकडचा गोलपोस्ट बोलतोय. सध्या उभा नाही, कॉलेजच्या वर्कशॉपमागे भंगारात आडवा पडलोय. उद्या गॅसकटर घेऊन माणूस येणार आहे, म्हणून जरा घाईत सांगतो.

माझा जन्म याच वर्कशॉपमधला. बारा वर्षांपूर्वी मेकॅनिकलच्या मुलांनी मला वेल्ड केलं. चाकणच्या एका कंपनीने उरलेले पाइप दिले होते, चांगले जाड. सगळे खूश झाले. पण माझं सगळं वजन पुढे, वरच्या आडव्या बारमध्ये. मागे जमिनीला टेकणारा एक पाइप, त्याला चार भोकं. त्या भोकांतून चार लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकल्या की मी उभा राहतो. नाही ठोकल्या, तर कधी पुढे येईन सांगता येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत, त्यामुळे मी मुळातच घाबरट. बारला बॉल लागला की माझ्या अंगभर झिणझिण्या येतात.

मैदान सांभाळणारे गेनबा महाळुंग्याचे. दर सोमवारी हातोडा घेऊन यायचे, एकेक खुंटी ठोकून बघायचे आणि माझ्या खांबावर थाप मारायचे. "भिऊ नगंस. न्हाई पडत तू."

आणि तेजल. चऱ्होलीची, तिसऱ्या वर्षाला, मुलींच्या टीमची गोलकीपर. ती माझ्याहून घाबरट. कुणी शिंकलं तरी दचकायची. एकदा बाहेरच्या रस्त्यावर कंटेनरचा टायर फुटला, तर ही माझ्या जाळीत जाऊन बसली! मुली तिला 'दचकूताई' म्हणायच्या. मला मात्र वाटायचं, दचकते म्हणूनच ती बॉलपर्यंत सगळ्यांच्या आधी पोचते.

जानेवारीचा शेवटचा शनिवार-रविवार म्हणजे आमच्याकडे सण. शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, रविवारी टेकडीवरच्या कॉलेजशी फुटबॉल. यंदा पहिल्यांदाच मुलींचा सामनाही ठेवला होता.

शुक्रवारी स्टेजला जागा हवी म्हणून मला उपटून कुंपणाला टेकवलं. मांडववाल्यांना स्वागताची कमान बांधायला खुंट्या कमी पडत होत्या. त्यांनी माझ्याच चार नेल्या. शनिवारी भाषणं झाली, रणजीतही बोलला. तो जुना कॅप्टन, आता एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर. म्हणाला, "अपघात होता होता वाचला की आमच्याकडे त्याचाही रिपोर्ट भरावा लागतो. मी एकही सोडत नाही." टाळ्या पडल्या.

संध्याकाळी मला परत जागेवर आणलं. खुंट्या तिकडेच राहिल्या.

गेनबा खेळाच्या रविराज सरांकडे गेले. "सर, पोस्टच्या खुंट्या कमानीला हायेत."

"मग? कमान उद्या बक्षीस समारंभापर्यंत ठेवायची आहे, मामा. एका दिवसाचा प्रश्न आहे."

गेनबा परत फिरले. वाळूच्या दोन गोणी आणून त्यांनी माझ्या मागच्या पाइपवर टाकल्या.

मग सराव सुरू झाला. एक जोरदार फटका बारला लागला आणि मी पुढे झुकलो. थोडासाच. पुन्हा मागे टेकलो. तेजल मात्र उडी मारून थेट पेनल्टीच्या रेषेपर्यंत पळाली.

"सर, पोस्ट हलला!"

"पोस्ट हलला की तू हललीस?" रणजीत बाहेरून ओरडला. जुनी बॅच खो खो हसली.

"अगं दचकूताई, उद्या टेकडीवाल्यांनी शिट्टी मारली तरी पळशील घरी," आमच्याच टीममधली पुनम म्हणाली.

रविराज सर हसले नाहीत, पण जवळही आले नाहीत. "तेजल, गोलकीपर असा पळायला लागला तर मी दुसरी मुलगी उभी करीन. कळलं?"

ती मान खाली घालून परत आली. माझ्या खांबाला टेकून स्वतःशीच पुटपुटली, "उद्या काही झालं तरी हलायचं नाही." मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी जुन्या खेळाडूंचा फोटो होता. बारला ओळीने लटकून फोटो काढायची त्यांची पद्धत. रणजीतला गोणी दिसल्या. "ही काय घाण? फोटोत येतंय राव, काढा." दोघांनी गोणी ओढून बाजूला नेल्या. फोटोग्राफरला ऊन समोरून येत होतं, म्हणून फोटो सामन्यानंतर काढायचं ठरलं. गोणी परत कुणी ठेवल्या नाहीत.

मुलींचा सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी आल्या. टेकडीवाल्यांची शेवटची पेनल्टी तेजलने उजवीकडे झेप घेऊन अडवली. ढोल वाजायला लागले, मुली मैदानभर धावत सुटल्या. तेजल मात्र धाप लागून माझ्या पुढ्यातच बसली आणि हातमोजे काढू लागली.

तेवढ्यात जुनी बॅच आली. "चला, आत्ताच फोटो!" पाच-सहा जणांनी एकदम उड्या मारून बार धरला.

मी करकरलो. जेवढ्या मोठ्याने करता आलं तेवढ्या मोठ्याने.

तिने ऐकलं. तिचे खांदे उडाले, तिने वर पाहिलं. एरवी ती केव्हाच लांब गेली असती. पण तिने दात घट्ट आवळले, मान खाली घातली आणि हातमोजा ओढत बसून राहिली.

लटकलेल्यांना पाय टेकता आले. रणजीतचा फक्त घोटा मुरगळला. मी तिच्या पाठीवर पडलो.

तीन आठवडे झाले. तेजल दवाखान्यात आहे. कमरेखाली तिला अजून काही जाणवत नाही. कॉलेजच्या समितीने अहवाल लिहिला, तो समितीतल्या दोघांनी माझ्याजवळ उभं राहूनच वाचला, म्हणून मला माहीत आहे. त्यात लिहिलंय, 'पोस्ट नियमाप्रमाणे बसवलेला होता. खेळाडू वेळेत बाजूला झाली नाही.' खुंट्या म्हणे सोमवारी सकाळी माझ्या मूळ जागी नीट ठोकलेल्या सापडल्या. मला तर रविवारी रात्रीच इथे आणून टाकलं होतं; कुणीतरी त्या मी नसताना, नुसत्याच मातीत ठोकल्या.

आज दुपारी गेनबा तेजलच्या आईला घेऊन इथे आले.

"खुंट्या नव्हत्या, त्ये तुमाला म्हाईत होतं?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग?"

"बोल्लो होतो, ताई. पन एकदाच बोल्लो." गेनबा माझ्या मागच्या पाइपपाशी वाकले. "आता चौकीत जाऊन लिहून देतो. नोकरी जाईल, जाऊ दे. पन माझ्या एकट्याच्या बोलण्यावर कोन इस्वास ठेवनार? ह्याचे फोटो पायजेत. उद्या कापत्यात याला."

मागच्या पाइपच्या भोकांत जुना गंज होता, आणि त्या गंजावर कमानीचा पांढरा रंग सांडून वाळला होता. शुक्रवारी मी कुंपणाला टेकलेला असताना सांडला तो. त्यानंतर खुंट्या घातल्या असत्या, तर तो रंग खरवडला असता. चारही भोकांत तो जसाच्या तसा आहे. समितीने वाकून पाहिलं असतं तर त्यांनाही दिसला असता.

तेजलच्या आईने फोन काढला. पहिला फोटो पुसट आला, दुसराही. मग गेनबांनी तिचं मनगट खालून धरलं. तिने श्वास रोखला, आणि एकेका भोकाजवळ फोन नेऊन चार फोटो काढले. दोघं चौकीच्या वाटेने गेले.

वाचणाऱ्यांनो, माझं आता काही उरलेलं नाही, मी उद्या तुकडे होऊन ट्रकमध्ये जाईन. कुणी दचकून 'हलतंय' म्हणालं, तर हसायच्या आधी एकदा वाकून बघा. आणि ते चार फोटो नीट आलेले असोत.