चानकी

नगरच्या त्या वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. सेक्रेटरी बन्सीभाऊ त्याच्यावर 'येते कार्यक्रम' असं ठळक लिहायचे आणि खाली महिन्याभराचा थाट मांडायचे. कुणाचं काव्यगायन, कुणाचं व्याख्यान, कुणी लेखक आपल्या भेटीला. हौस दांडगी, पण माणसं यायची मोजकी, आणि त्यातली निम्मी पंख्याखाली डुलकी काढायला. दुष्काळाचं साल होतं. टँकरमागं घागर घेऊन पळणाऱ्याला काव्यगायनाचं काय कौतुक? तरी बन्सीभाऊ फळा पुसायचे आणि पुन्हा लिहायचे.

त्या आठवड्याला फळ्यावर होतं, 'शनिवारी सायंकाळी कथा. वाचणार: गहिनीनाथ मास्तर, सावेडी.'

गहिनीनाथ मूळचा नेवाशाकडचा, नोकरीपायी सावेडीत खोली घेऊन राहिलेला. गोष्टी लिहायचा. दोनचार छापूनही आल्या होत्या आणि सगळ्यांत कुठं ना कुठं त्याची आई होती. आई, बनुबाई, गावी असायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याच धिरावर हा लिहायचा. शनिवारच्या गोष्टीत तर त्यानं हातचं काही राखलं नव्हतं. लहानपणी त्याच्या पाठच्या बहिणीला, छबूला, आईनं भंडारदऱ्याच्या आत्याला देऊन टाकलं होतं. आत्याला मूलबाळ नव्हतं. छबू आता आत्यालाच आई म्हणायची. त्याबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही. गहिनीनाथनं तो कागदावर काढला होता. नावं बदलली होती, बाकी सगळं होतं तसंच. हे आईच्या कानावर जायला नको, एवढंच त्याचं मागणं होतं.

आता झालं काय, की गावचा कानिफनाथ बाजाराला नगरात आला होता. त्यानं फळा वाचला आणि गावी जाऊन बनुबाईला सांगितलं, "काकी, तुज्या मास्तरानं शनवारी कथा ठिवलीया."

झालं! लेकानं कथा ठेवली आणि आईला सांगावा नाही? बनुबाईनं पोराला दोन शिव्या हासडल्या, शनिवारी निरंकार उपास धरला, शेजारपाजारच्या बाया गोळा केल्या आणि एष्टी धरली. रव्यासाखरेचा ठणठणाट होता, म्हणून प्रसादाला पितळी डब्यात गूळ-शेंगदाणे घेतले.

वाचनालयात बायांचा हा घोळका शिरला तेव्हा बन्सीभाऊ हरखून उभेच राहिले. बायांनी चपला बाहेर काढल्या, टेबलाला हात जोडले, एकीनं त्याच्यावर नारळ ठेवला आणि सगळ्या सतरंजीवर मांडी ठोकून बसल्या.

"देव कुटं मांडलाय, भाऊ?" बनुबाईनं विचारलं.

गहिनीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. तो लगबगीनं तिच्यापाशी आला. "आई, ही तसली कथा नाही. तू खोलीवर चल, मी येतोच."

"कथा ती कथा. तसली न् असली काय रं?" बनुबाई म्हणाली. "आता आलेय तर परसाद घेतल्याबिगर उठायची न्हाई मी. तू वाच."

बन्सीभाऊंनी घाई केली. इतकी माणसं त्यांनी आपल्या कारकिर्दीत पाहिली नव्हती, ती उठून गेली तर? गहिनीनाथनं हस्तलिखित हातात घेतलं. त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की मधलं ते पान गाळायचं. गोष्ट लंगडी होईल तर होवो.

त्यानं वाचायला सुरुवात केली. बायांनी पोथीला द्यावा तसा हुंकार धरला. वाक्य संपलं की "हूं". खुर्च्यांवरची शिकलेली मंडळी आधी हसली, मग गप्प झाली. गावची विहीर आली, बैलगाडी आली, पाहुणी आलेली आत्या आली. "हूं. हूं." कुणी उठेना, कुणी डुलकी काढेना. एरवी गहिनीनाथ सुखानं वेडा झाला असता. पण ते पान आलं आणि त्यानं गुपचूप दोन कागद एकदम उलटले.

"थांब रं गहिन्या," बनुबाई म्हणाली. "दोन पानं उलाटली तू."

"चिकटली होती, आई."

"मंग सोडव. कथंचं पान सोडू न्हाई. पाप लागतं." आणि बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. बन्सीभाऊही म्हणाले, "वाचा हो मास्तर, सगळं वाचा."

इलाज खुंटला. त्यानं पान मागं घेतलं आणि कागदात तोंड घालून वाचलं:

'गाडी वेशीबाहेर गेली. धाकटीचं रडणं ऐकू येईनासं झालं. आई घरात आली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. रोज उरल्या पिठाची इवलीशी चानकी ती धाकटीला करायची. त्या दिवशी ती तिनं माझ्या ताटात टाकली. धाकटीला जाऊन घटका झाली नव्हती आणि तिची चानकी माझी झाली होती. मी ती खाल्ली. मला कळलं, उद्या मी गेलो तर माझी भाकरीही अशीच दुसऱ्याच्या ताटात पडेल.'

हुंकार थांबला होता. गावच्या बायाच त्या, त्यांना कुणाचं काय ते कळलं. सगळ्यांनी खाली बघितलं.

"हूं," बनुबाई एकटीच म्हणाली.

पुढचं त्यानं कसं वाचलं, त्याचं त्याला ठाऊक. शेवट झाला, टाळ्या पडल्या. बन्सीभाऊंनी हस्तलिखित त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "आमच्या दिवाळी अंकाला ही. दुसरीकडं द्यायची नाही. ते चानकीचं पान, काय ते पान!" गहिनीनाथनं मान हलवली. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. माणूस असाच असतो.

बनुबाई डबा घेऊन उठली. सगळ्यांना प्रसाद वाटत शेवटी त्याच्यापाशी आली. त्याच्या तळहातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

"चांगलं वाचलंस," ती म्हणाली. "पर ती चानकी तुज्यासाटी न्हवती रं थापली."

"मग कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"हाताला सवय हुती. थापून गेली. तव्यावर पडल्यावर ध्यानात आलं, की खानारी गेली. मला तर बघवंना तिच्याकडं, न् टाकवंना बी. म्हून तुज्या ताटात सारली." तिनं डब्याचं झाकण लावलं. "तवापून चानकी केली न्हाई मी. तू मागायचास, आटवतं का?"

त्याला आठवलं. तो मागायचा आणि ती म्हणायची, पीठ उरलं न्हाई.

हातातला प्रसाद त्याला तोंडात घालवेना. तो बन्सीभाऊंकडं गेला आणि त्यानं कागद परत मागितले.

"अहो, का?"

"कथा अपुरी आहे," गहिनीनाथ म्हणाला.

"आँ?" मागून बनुबाई घाबरून ओरडली. "आन् मी परसाद वाटून बसले की रं!"