फोटोपुरत्या पाकळ्या

ओहायोतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये विमानांच्या मॉडेलांची स्पर्धा होती. व्हर्लन स्ट्राउडने वायुदलात मेकॅनिक म्हणून ज्या लढाऊ विमानाची अकरा वर्षं चाकरी केली, त्याचंच मॉडेल आणलं होतं.

उभ्या जन्मात विमानाचा एक नटही न पिळलेला परीक्षक किप लिंडक्विस्ट मॉडेलच्या शेपटाशी वाकला. "इंजिनाच्या झोताच्या तोंडावरच्या पत्र्याच्या पाकळ्या कुठायत? गुण कापावे लागतील."

"आम्ही त्या काढून टाकल्या होत्या. उडताना गळून पडायच्या. आतल्या सळया उघड्याच असायच्या."

"पुस्तक काही वेगळंच म्हणतंय, व्हर्लन." किपने हातातल्या विमानांच्या पुस्तकातलं फोटोचं पान उघडून दाखवलं. तेच विमान, तोच नंबर आणि लख्ख पाकळ्या.

व्हर्लनला तो दिवस आठवला. जनरल येणार म्हणून दुसऱ्या तळावरून पाकळ्या उसन्या आणल्या होत्या. फोटो निघाल्यावर संध्याकाळी त्या परत गेल्या.

"हे सोंग आहे," तो म्हणाला. "मीच बसवल्यात त्या, याच हातांनी."

"असेलही. पण तशी कुठे नोंद आहे?"

नोंद नव्हती. करायची नाही असा हुकूम होता, आणि व्हर्लनने तो इमानेइतबारे पाळला होता.