मुठीला टेकलेला लिव्हर

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझं इंजिन अजून पहिल्या किकला सुरू होतं, दिवा लागतो, हॉर्न जरा घोगरा आहे पण वाजतो. तरी मध्यंतरी असे दिवस आले होते, की माझ्यावर बसणाऱ्याने माझा भरवसा धरू नये. त्या दिवसांची हकिकत मला तुम्हांला सांगायची आहे.

कारखान्यात मी तयार झाले, तेव्हा शेवटच्या तपासणीला एक जाडजूड माणूस होता. त्याने माझ्या उजव्या मुठीपुढचा ब्रेकचा लिव्हर दाबला आणि तसाच धरून ठेवला. शेजारच्याशी गप्पा चालू होत्या, पण बोटं ढिली केली नाहीत. बऱ्याच वेळाने सोडला आणि म्हणाला, "जाऊ दे हिला." मला वाटलं, माणूस आळशी दिसतो. तो काय बघत होता, ते मला फार उशिरा कळलं.

मला घेतलं ते एका नळदुरुस्तीवाल्याने. मागच्या सीटवर त्याची बायको बसायची. ती घरी शिवणकाम करायची. शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे मांडीवर घेऊन ती दुकानात पोचवायला निघायची आणि डावा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवायची. खांदा जरा दाबला की हळू, सोडला की चालू दे. दोघांत बोलणं फारसं नसायचं. त्यांची मुलगी लहान होती तेव्हा टाकीवर बसायची आणि वाटेतल्या प्रत्येक कुत्र्याला हाका मारायची.

सुट्टीच्या दिवशी बाई तेलाची लहानशी कुपी घेऊन घरभर फिरायची. ते शिवणयंत्राचं तेल. आधी यंत्राला, मग दाराच्या बिजागरीला, खिडकीच्या कडीला आणि शेवटी माझ्याकडे. लिव्हर ज्या खिळीवर फिरतो, त्या खिळीला एक थेंब, लगेच वर फडका. नवरा म्हणायचा, "अगं, घाल की सढळ हाताने, कंजूषपणा कसला?"

"अहो, तिला काय तेलात पोहायचंय? एक थेंब पुरे," असं म्हणून ती आत जायची.

मग ती आजारी पडली. गठ्ठ्यांऐवजी तपासण्यांच्या पिशव्या आल्या. खांद्यावरचा हात हलका होत गेला. एक दिवस मालक इस्पितळातून एकटाच आला. माझ्या हँडलला एक पिशवी लटकत होती, त्यात तिच्या चपला होत्या. त्या पिशवीचं वजन ते काय असणार! पण त्या दिवशी हँडल सारखं एका बाजूला ओढलं जात होतं.

त्यानंतर मी बराच काळ अंगणात उभी होते. मालक कामाला पायी जाऊ लागला. मला मात्र रोज पुसायचा. शिवणयंत्रावर चादर टाकली होती, ती काढायचा त्याला धीर होत नव्हता, म्हणून तेलाची कुपी घेऊन तो थेट माझ्याकडे यायचा. एक थेंब नाही, चांगली धार सोडायचा. लिव्हर जिथे आत ढकलला जातो, तिथे एक रबरी टोपी असते. तेल तिच्याखाली झिरपायचं. मला वाईट वाटायचं नाही. कुणी इतक्या मायेने हात लावला तर कुणाला वाईट वाटेल?

पुढे मुलीला नोकरी लागली. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये. सकाळी घरोघर जाऊन आजारी माणसांचं रक्त घ्यायचं आणि वेळेत पोचवायचं. गाडीशिवाय ते होणार नव्हतं. मालकाने मला तिच्या हवाली केलं.

एका सकाळी आम्ही उताराच्या रस्त्याने चौकाकडे येत होतो. तिने पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ मुठीला टेकला. पकड नाहीच. समोरून शाळेची बस वळत होती. तिने मागचा ब्रेक दाबला, माझं मागचं चाक घसरलं, आणि आम्ही रिकाम्या खोक्यांच्या एका हातगाडीला जाऊन अडलो. हातगाडीवाला ओरडला, "ताई, रस्ता तिकडे आहे, इकडे माझी गाडी आहे!" मग तिचा गुडघा बघून त्यानेच पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मालकाने विचारलं, "गुडघ्याला काय झालं?"

"जिन्यावरून घसरले."

तो बाहेर आला, माझी पाय ठेवायची पट्टी खरचटलेली बघितली, आणि लिव्हर दाबला. मऊ. पुन्हा पुन्हा दाबला, तेव्हा कुठे वर आला.

"हे कधीपासून असं आहे?"

"झाले थोडे दिवस. दोनतीनदा दाबलं की येतो की नीट."

"दोनतीनदा? बस काय थांबून राहते, तुझं दाबून होईपर्यंत?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "चावी दे इकडे."

"बाबा, मी कामाला कशी जाणार? सुट्टी मागून मागून किती मागू? माझ्या जागी दुसरी माणसं रांगेत उभी आहेत."

"ब्रेकचा दोष सापडेपर्यंत चावी मिळणार नाही. घरातलं एक माणूस गेलंय. आता एकच उरलंय."

शेवटी तिने दोन दिवसांची सुट्टी घेतली.

मालकाने कामाला सुरुवात केली ती नळवाल्यासारखीच. आधी गळती शोधायची. ब्रेक ऑइलचं भांडं काळपट दिसत होतं, पण भरलेलं होतं. त्याने प्रत्येक जोडाला कोरडा कागद गुंडाळला आणि लिव्हर दाबून बघितला. कागद कोरडेच राहिले. चाकाजवळही ओल नव्हती.

मग हवा काढायला घेतली. पाइपात हवा असली की दाब हवेतच मुरतो. चाकाजवळ हवा काढायचं लहानसं निप्पल असतं, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडलं. मुलगी वर लिव्हरपाशी.

"दाब. धर. सोडू नकोस हं, मी म्हणेपर्यंत."

"लहानपणापासून तुमचं हेच. धर, सोडू नकोस. बॅटरी धर, पाना धर."

"आणि तू कायम सोडायचीस."

ती हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं. थोडे बुडबुडे आले आणि थांबले. नवं ब्रेक ऑइल भरलं. लिव्हर दाबला तर टणक. मुलीने चावीसाठी हात पुढे केला. मालकाने चावी खिशातून काढलीसुद्धा. पण त्याची बोटं लिव्हरवरच राहिली होती. त्याने दाब सोडला नाही. आणि लिव्हर हळूहळू, अगदी हळूहळू, आत सरकू लागला. सरकत सरकत मुठीला टेकला.

मालक माझ्या चाकाला टेकून खाली बसला.

"तुझ्या आईचा हात असाच होता शेवटी," तो म्हणाला. "मी दाबला की आधी तीही दाबायची. मग धरून बसलो की कळायचं, बोटं सुटताहेत."

हे तो पहिल्यांदाच कुणापाशी बोलला होता. मुलगी त्याच्या शेजारी बसली. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला डोळे पुसता येत नाहीत. मी नुसती उभी राहिले.

थोड्या वेळाने तोच उठला. "बाहेर थेंब नाही. हवा नाही. तरी दाब जातो. म्हणजे आतल्या आत गळतंय. तोटीचा वायसर गेला की बाहेरून तोटी कितीही आवळा, पाणी आतून वाट काढतंच."

माझ्या लिव्हरमागे एक लहान सिलिंडर आहे. त्यात पिस्टन आणि पिस्टनच्या तोंडाशी रबराची वाटी. तीच वाटी ब्रेक ऑइल खाली ढकलते, म्हणून खालचे पॅड चाकाबरोबर फिरणारी डिस्क पकडतात. मालकाने ते सगळं उघडलं. वाटी बाहेर आली ती फुगून मऊ झालेली, काठ एकीकडे दुमडलेला. ऑइल त्या दुमडीतून मागे निसटत होतं.

ती वाटी कागदात गुंडाळून बापलेक सुट्या भागांच्या दुकानात गेले. तिथे काय झालं ते मी मुलीच्या तोंडून ऐकलं. दुकानदाराने वाटी चिमटीत धरली. "हे रबर आहे की चहात पडलेलं बिस्कीट?" मग त्याने वास घेतला. "काका, यात मशीनचं तेल कुणी सोडलं? ब्रेकच्या रबराला ते चालत नाही. फुगतं, सडतं. तेल लागलेलं एकही रबर ठेवू नका. वरचं, खालचं, पाइपसुद्धा बदला."

मालकाने म्हणे ती वाटी परत हातात घेतली. मग म्हणाला, "मीच सोडलं. मला वाटलं, तिची आठवण म्हणून तेवढं तरी करावं."

दुकानदाराने मस्करी थांबवली आणि सामान काढून दिलं.

परत आल्यावर दोघांनी सगळे भाग ताज्या ब्रेक ऑइलने धुतले. नवी वाटी त्याच ऑइलात बुडवून बसवली. चाकाजवळची रबरं आणि पाइपही नवे घातले, हवा काढली. मग मालक आत गेला, शिवणयंत्रावरची चादर बाजूला केली, आणि खणातून रुंद इलॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लिव्हर त्याने त्या इलॅस्टिकने मुठीकडे ताणून बांधला. "आता हिने रात्रभर धरून ठेवायचं. सरकला तर सकाळी दिसेल."

सकाळी दोघं एकदमच बाहेर आले. लिव्हर जिथे होता तिथेच होता. मालकाने इलॅस्टिक सोडलं, स्वतः उताराच्या रस्त्याने फेरी मारून आला, आणि चावी मुलीच्या हातात ठेवली.

ती लगेच निघाली नाही. तेलाची कुपी खिडकीत होती, ती तिने उचलली. "बाबा, आई काय म्हणायची?"

"एक थेंब पुरे."

"आणि कुठे?"

"खिळीला. आत नाही." मग कुपी हातात घेत म्हणाला, "बाकीचं यंत्राला घालतो. गंजत असेल बिचारं."

मित्रांनो, मला पुसलंत, चकचकीत ठेवलंत तर मला आवडेलच. पण माया करताना माझ्या कुठल्या भागाला काय चालतं, एवढं विचारून घ्या. आणि माझा ब्रेक घाईघाईने दोनतीनदा दाबून "ठीक आहे" म्हणू नका. तसा दाबला की तो टणकच लागतो. एकदा दाबा, धरून ठेवा, आणि थांबून बघा.

माझ्या मालकाचंही तसंच होतं. जाता येता कुणी विचारलं तर तो "मजेत" म्हणायचा. आता मुलगी सकाळी हेल्मेट हातात घेऊन विचारते, "बाबा, कसं आहे?" तो "ठीक" म्हणतो. ती हेल्मेट घालत नाही, तिथेच उभी राहते. मग हळूहळू तो बोलू लागतो. मी अंगणात उभी असते. आम्हांला निघायला थोडा उशीर होतो. होऊ दे.