खाऱ्या कुंडीतले बी

मी गुलबक्षीचे एक जुने बी आहे. काळे, सुरकुतलेले, मिऱ्याएवढे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, अशी शंका वाटते. माझ्यावर जे ओढवले ते मलाच पुरते कळलेले नाही.

आमचे झाड सिंदी रेल्वे या गावी, देवकाबाईंच्या माहेरी होते. ते घर विकले गेले आणि अंगणात फरशी आली. देवकाबाईंनी आम्हां तीन बियांना रुमालाच्या गाठीत बांधून सासरी, पिपरी मेघेला आणले. "माहेरचं एवढंच राह्यलं," त्या सुनेला म्हणाल्या, "जपजो वं, दिपाली."

दिपालीने आम्हांला कुंडीत पेरले. उन्हाळा होता, नळ चार दिवसांआड यायचा, एरवी बोरचे पाणी. तरी ती रोज सकाळी मगभर पाणी घालायची. मित्रांनो, माझा गोंधळ इथेच सुरू झाला. अंगाभोवती ओल, आणि मी तहानलेलेच! पाणी सालीला लागे, पण आत येईना. उलट आतली ओलच कोणी बाहेर ओढते आहे असे वाटे. दोष माझाच असेल, मी फार म्हातारे झाले असेन, असे मी मनाशी म्हणे.

मग सगळे लग्नाला कारंज्याला गेले. दोन दिवसांत माती भाजून निघाली. शेजारच्या बियाला कसाबसा मोड आला होता, तो वाळून गेला.

परतल्यावर देवकाबाईंनी कुंडीत बोट घातले. "काऊन उगवून नाई राह्यलं वं? पाणी देत होती का नुसती मोबाईल पाहत होती?"

"रोज दिलं, आई! फिल्टर जे पाणी बाहेर फेकते नं, ते साठवून. वाया काऊन जाऊ द्याचं?"

देवकाबाईंनी कुंडीच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडला, जिभेला लावला आणि थुंकल्या. "अवं, हे तं मीठच! बोरचं पाणी आधीच खारं. गोडं आपण प्यालो, आन् खारं यायले पाजलं."

दिपालीचे डोळे भरले. "मले वाटलं, मी पाणी वाचवून राह्यली."

"रडू नको कुंडीवर. तेबी खारंच असते."

त्यांनी माती उपसली. तिसरे बी पोकळ निघाले. उरले मी. मला नव्या मातीत ठेवून देवकाबाईंनी आपल्या पिण्याच्या तांब्यातले अर्धे पाणी घातले. पाचव्या दिवशी माझी साल तडकली. दिपालीने पाहिले आणि ती सासूला हाताला धरून घेऊन आली.

मित्रांनो, मी दोष कोणाला देऊ? जिच्या हातून मी मरत होते, तिनेच मला न चुकता पाणी घातले होते. हे कोडे मला सुटत नाही. एवढेच मागते, बियाला पाणी घालण्याआधी ते कुठून आले, कसे आहे, हे एकदा पाहा. आता मी बी आहे की रोप, तेही मला सांगता येत नाही. पाणी मात्र आत येते आहे.