निम्मा कप

“उद्याचं ऐकायला जो भितो, तो मर्दच नव्हं!” रामकिसननं चिकलठाण्याच्या दोन खोल्यांत जाहीर केलं. हा तोच रामकिसन, जो मॅचची शेवटची ओव्हर आली की गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि तिथून ओरडतो, “संपली का गं? जिंकलो का?”

या वेळची शेवटची ओव्हर त्याच्याच रक्तात होती. बाप मुंजाबा करमाडकडं मेंढरं राखायचा. पन्नाशीनंतर त्याचे हातपाय आपोआप नाचायला लागले. देव अंगात आला म्हणून गावानं कपाळाला हळद फासली, अन् पाऊस कधी, पोरीचं लगीन कधी, विचारायला दारात गर्दी केली. मुंजाबा बिचारा भिडेखातर काहीबाही सांगायचा. ‘बाबा, तुझं पुढं कसं?’ असं मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

यंदा थोरल्या भावाचे हात तसेच नाचू लागले, तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा देव नव्हे, मेंदूचा आजार आहे. बापाकडून लेकरात उतरायची शक्यता निम्मी. बरा होत नाही. पण पुढं होणार का, हे रक्तावरून आधी कळतं.

“अप्पा, तुमच्यात नसला तर मी सुटले,” लेक श्रेया म्हणाली. तिची सोयरीक ठरत आली होती. रामकिसननं लगोलग दंड पुढं केला.

रक्त देऊन आल्यापासून तो स्वतःच्याच हातांवर पाळत ठेवू लागला. सुईत दोरा ओवून बघायचा. गेला तर खूश. नाही गेला तर सुईला शिव्या. त्यात बायको द्वारकाबाई चहा निम्माच कप देऊ लागली.

“दूध नासलं का?”

“नाय. तुमाला पित्त होतं.”

उभ्या जन्मात त्याला पित्त झालं नव्हतं. सांडू नये म्हणून ही आत्ताच हात आखडतीय, हे त्याच्या ध्यानात आलं. आजार यायचा होता का नव्हता कुणास ठाऊक. त्याची सोय मात्र घरात येऊन बसली होती.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दार लोटून विचारलं, “काका, अजूनही नको म्हणू शकता. ऐकायचंय?”

रामकिसन उठलाच. “म्या जरा भायेर थांबतो. पोरीला सांगा.”

श्रेयानं बाही धरली. “अप्पा, ही मॅच नाय. बसा.”

तो बसला. आजार रक्तात होता. कधी डोकं वर काढील, ते मात्र बाईंनाही सांगता येईना.

“माझी तपासणी करायची का नाय, ते मी सावकाश ठरवीन,” परतताना श्रेया म्हणाली. “पण सोयरीक ठरतीय त्या पोराला आजच सांगणार.”

घरी रामकिसननं हात मांडीवर ठेवून पाहिले. दगडासारखे निवांत. द्वारकाबाई निम्मा कप घेऊन आली, तर तिच्याच हातात कपबशी खडखड वाजत होती.

“बघ, अंगात कुणाच्या आलंय!” तो म्हणाला. श्रेया खदखदून हसली, अन् हसता हसता तिला रडू फुटलं. रामकिसननं तिला रडू दिलं. मग कप तसाच बायकोकडं सरकवला.

“सांडायचा तवा सांडंल. आज भरून दे.”