गळका नळ

शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागून जेमतेम एक सत्र झालं होतं, आणि विज्ञान शिक्षकांच्या परिषदेला न्यायला मुख्याध्यापिकाबाईंनी नेमकं तिलाच निवडलं. ती हरखून गेली. आईने तर तिच्या कपड्यांना स्वतःच्या हाताने इस्त्री केली.

दुपारच्या सत्रात विषय होता प्रयोगशाळेतली सुरक्षितता. जेवण अंगावर आलेलं, निम्मं सभागृह पेंगत होतं. व्यासपीठावर पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांच्या उजव्या हाताची कातडी मेण वितळून पुन्हा गोठावं तशी दिसत होती.

"मी पूर्वी शिक्षिका होते," त्या म्हणाल्या. "शाळेचं नाव घेणार नाही."

पडद्यावर फोटो आला. जळून कोळसा झालेलं टेबल, काळी भिंत, वर अर्धगोल खिडकी. तिच्याच प्रयोगशाळेतली ही खिडकी ती स्वतः रोज उघडायची.

"टेबलावरचा गॅसचा नळ गळत होता. मी सांगून सांगून थकले. उत्तर एकच, तुमचं नाक फार तिखट. मग एका सकाळी एका मुलीने काडी ओढली. तिचे दोन्ही डोळे गेले. चौकशीत ठरलं, मुलीने मस्ती केली आणि माझं लक्ष नव्हतं."

तिखट नाक! गॅसचा वास येतो म्हटल्यावर हेच शब्द गेल्याच आठवड्यात तिने मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडून ऐकले होते. तिने शेजारी पाहिलं. मुख्याध्यापिकाबाई पडद्याकडे न बघता पुटपुटल्या, "गप्प बसा. नवीन आहात तुम्ही."

ती उभी राहिली.

"बाई, त्या शाळेत आता मी शिकवते. टेबल नवं आहे, भिंतीला रंग दिलाय. नळ मात्र अजून गळतो."

सभागृहाची झोप उडाली. व्यासपीठावरच्या बाई मटकन खुर्चीत बसल्या.

परतताना गाडीत मुख्याध्यापिकाबाईंनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "घरचं चव्हाट्यावर आणलंत. मी काय सुखाने गप्प होते? संस्थेने माझं ऐकलं नाही."

"मग आता तरी बोला ना, बाई."

"निवृत्ती तोंडावर आलीय माझी."

संस्थेने नळ दुरुस्त केला नाही, प्रयोगशाळेलाच कुलूप ठोकलं. प्रयोग फळ्यावर आले. "तुम्ही कशाला बोललात, बाई?" मुलं कुरकुरली. तेव्हा तिने त्यांना खरं काय ते सांगितलं. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "डोळे गेलेली ती ताई आमच्या शेजारी राहते. सगळे म्हणतात, तिनेच मस्ती केली. तिची आईसुद्धा."

शाळा सुटल्यावर ती त्या मुलीबरोबर तिच्या शेजारच्या घरी गेली. दारात काळा चष्मा लावलेली एक तरुणी शेंगा सोलत होती. आई आत भांडी घासत होती.

"मी तुझ्या शाळेत शिकवते. गॅसचा नळ गळत होता," तिने सांगितलं. "तुझी काही चूक नव्हती."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. तरुणीची बोटं शेंगेवर तशीच राहिली.

"शाळेत हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मोठ्यांना. सगळ्यांना."

"आणि आई मला रोज म्हणायची, आपल्या हाताने आपलं वाटोळं केलंस." तरुणीने मान आतल्या दिशेने वळवली. "ऐकलंस ना, आई?"

आतून आईचं रडणं ऐकू आलं, तरी तरुणी पुन्हा शेंगा सोलू लागली.